पारिजातक : विदर्भातील लागवड

पारिजातक किंवा प्राजक्त (शास्त्रीय नाव निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस, कुल ओलिएसी) हे मोठे पानझडी झुडूप आहे. जाई-मोगराही याच कुलातले. मध्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर ते आपसूक वाढते, म्हणून विदर्भातल्या गावांत अंगणात किंवा सांदवाडीत लावल्यावर फार राबावे लागत नाही. पाने पॉलिश कागदासारखी खरखरीत असतात. शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. मोकाट जनावरांच्या गावात हा गुण लहान नव्हे.

खरी गल्लत उन्हाळ्यात होते. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा झाडाच्या नुसत्या काड्या उरलेल्या असतात. मग ‘वाळलं’ म्हणून कुणी ते तोडते, तर कुणी रोज बादल्या ओतते. दोन्ही अनाठायी. पाने गाळून झाड अंगातली ओल राखते. नखाने साल खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे आणि पाऊस लागताच फुटेल. पहिले एक-दोन उन्हाळे मात्र अधूनमधून पाणी द्यावेच.

साचलेले पाणी त्याला सोसत नाही. वऱ्हाडातल्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुळे कुजतात. तिथे खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळून रोप थोडे उंचवट्यावर लावावे. मुरमाड, बरड जागा असेल तर काहीच करायला नको. रोप बियांपासून किंवा छाट कलमापासून होते. चपट्या तपकिरी बोंडात दोन बिया असतात. फुले नव्या फुटीच्या शेंड्यांना येतात, म्हणून छाटणी पावसाळ्याआधी उरकावी. श्रावणात कोयता चालवला तर त्या वर्षीचा बहर गेलाच.

पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिसतात. अंगाला लागले तर खाज सुटते. झाडूने साबणाच्या पाण्यात पाडले तरी भागते. फुले देवाला जाणार असल्याने फवारणी टाळलेलीच बरी.

बहर साधारण श्रावणापासून कार्तिकापर्यंत. पांढऱ्या पाकळ्यांची, केशरी देठाची फुले संध्याकाळी उमलतात आणि पहाटे गळतात. खाली पडलेले फूल देवाला वाहत नाहीत, पण प्राजक्ताला ती सूट आहे; बाया झाडाखाली जुने लुगडे अंथरून फुले झेलतात आणि चातुर्मासात त्यांची लाखोली वाहतात. देठांच्या केशरी रंगाने पूर्वी रेशीम रंगवत. आयुर्वेदात पानांचा काढा ताप आणि गृध्रसी (सायटिका) यांवर सांगितला आहे. चवीला तो कडू असतो.