विमान कंपनीच्या भिंतीवरून संग्रहालयाच्या नोंदवहीत

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. विमानं गेली, मार्ग गेले; चित्रं मात्र सरकारने स्वतःकडे ठेवली. पुढच्या वर्षी सुमारे ४,००० कलाकृतींचा हा ऐवज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे, म्हणजे सगळे ज्याला एनजीएमए म्हणतात त्याच्याकडे, सोपवायचं ठरलं. एवढा मोठा संग्रह एका करारात पदरात पडतो, तेव्हा तो मुळात जमवला कुणी, हे विचारायला हवं. मुंबईपुरतं बोलायचं तर आधुनिक चित्रं जमवली एका विमान कंपनीने आणि एका भौतिकशास्त्रज्ञाने. संग्रहालय मागाहून आलं.

एनजीएमए दिल्लीत जयपूर हाउसमध्ये २९ मार्च १९५४ रोजी उघडलं. हरमान गोट्झ हे जर्मन कला-इतिहासकार त्याचे पहिले क्युरेटर. त्याआधी ते बडोद्याच्या संग्रहालयात होते. दिल्लीच्या संग्रहाला बळ मिळालं ते अमृता शेरगिल यांच्या चित्रांनी, आणि त्यातला मोठा भाग कुटुंबीयांनी दिलेला. मुंबईत मात्र एनजीएमएची शाखा यायला १९९६ उजाडलं. सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, जिथे पूर्वी सभा आणि मैफिली व्हायच्या, तिथे. तोवर सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाला जवळपास पन्नास वर्षं होत आली होती!

त्या पन्नास वर्षांतली सुरुवातीची चित्रं कुणी घेतली? बरीचशी होमी भाभांनी. त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये होती. भाभा स्वतः चित्रं काढत. संस्थेच्या खर्चातला एक टक्का कलाकृतींसाठी वापरायला त्यांनी नेहरूंची परवानगी मिळवली. एक टक्का म्हणजे फार काही नाही, पण तो दरवर्षी मिळणारा होता, आणि चित्रकार अजून तरुण होते, परवडत होते. निवडीसाठी समिती-बिमिती नव्हती. भाभांची नजर आणि फिरोझा वाडिया या मैत्रिणीचा सल्ला. कुलाब्याच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन १९६२ मध्ये झालं. तिथल्या प्रवेशदालनातल्या भिंतीसाठी काही चित्रकारांकडून आराखडे मागवले, त्यांतून हुसेन यांचा निवडला. 'भारत भाग्य विधाता' हे ४५ फूट लांबीचं चित्र असं तिथे आलं. भाभा १९६६ च्या विमान अपघातात गेले. त्यांच्यानंतर संस्थेचे संचालक झालेले एम. जी. के. मेनन यांनी खरेदी पुढे काही वर्षं चालू ठेवली. आज संग्रहात २५० च्या आसपास कलाकृती आहेत. एका माणसाच्या आवडीने जमलेला संग्रह एकाच काळाचा आणि एकाच शहराचा होतो. तसा हाही झाला. माझ्या मते तेच त्याचं मोल.

एअर इंडियाचा हेतू इतका शुद्ध नव्हता. परदेशांतल्या तिकीट कार्यालयांच्या भिंती सजवायच्या होत्या. १९५६ मध्ये कंपनीने बी. प्रभा यांची चित्रं घेतली, दर चित्राला ८७ रुपये ५० पैसे. नागपूरजवळच्या बेल्याची ही मुलगी, नागपुरात आणि मग जे.जे.त शिकलेली, लांब मानेच्या कोळणी रंगवणारी. पैसे नसले की कंपनी चित्राच्या बदल्यात विमानाचं तिकीट देई. परदेश बघायला आसुसलेल्या चित्रकारांना तेही चालत असे.

सगळ्यात अफलातून व्यवहार १९६७ चा. साल्वादोर दालीने कंपनीसाठी चिनी मातीचा ॲशट्रे घडवला: मधे शिंपला, कडेने वेटोळं घातलेला साप, खाली आधाराला हत्ती आणि हंस. ॲशट्रे उलटा धरला की हंसाचं हत्तीचं डोकं होतं. मोबदला म्हणून दालीने हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि कंपनीने ते बेंगळुरूहून खरोखरच स्पेनला धाडलं. प्रथम वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायचे म्हणून केलेले हे ॲशट्रे आता लिलावात जातात.

पण कार्यालयाची भिंत म्हणजे संग्रहालय नव्हे. साहेबांची खोली बदलली की चित्र हलतं आणि कागद मागे राहतो. जतीन दास यांचं 'फ्लाइंग अप्सरा' बाहेर विक्रीला असल्याचं २०१७ मध्ये उघडकीस आलं, तेव्हा कुठे कंपनीच्या चित्रांची मोजदाद हा चर्चेचा विषय झाला.

मग ही चित्रं आजच बाजारातून का घेऊ नयेत? डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. सरकारी खरेदी समितीच्या आवाक्यातली ही रक्कम नाही. म्हणून भेटी आणि हस्तांतर.

हस्तांतर झालं तरी काम संपत नाही. प्रत्येक चित्र भिंतीवरून उतरवून आधी उलटं करायचं. मागच्या लाकडी चौकटीवर कुणाची सही आहे, कुठल्या प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटलेली आहे, मुंबईच्या दमट हवेने बुरशी कुठवर चढली आहे, ते टिपायचं. लांबी-रुंदी मोजायची, फोटो काढायचे, नोंदवहीत क्रमांक द्यायचा. हे ४,००० वेळा.