पासवर्ड कुणी टाइपलाच नाही, तरी लॉगिन झालं

काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, काम केलेल्याला हा पडदा झोपेतही ओळखू येईल. 3270 जातीची ही टर्मिनलं 1971 साली आली. ती जड खोकी केव्हाच भंगारात गेली, आता त्यांची नक्कल करणारा एम्युलेटर लॅपटॉपवर चालतो. लॉगिनची रीत मात्र बदलली नाही: युजर आयडी, आठ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड, एंटर.

पासवर्ड टाइपताना पडद्यावर काही उमटत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण साध्या टेलनेटवर, म्हणजे एम्युलेटर मेनफ्रेमला जोडायच्या जुन्या पद्धतीत, तो नेटवर्कमधून उघडाच जातो. मेनफ्रेमची अक्षरं एबसिडिक नावाच्या कोडमध्ये असतात, त्यामुळे मधल्यामध्ये डोकावणाऱ्याला ती आधी अगम्य वाटतील इतकंच. मोडीत लिहिलेलं पत्र मोडी येणारा वाचणारच.

म्हणून आधी जोडणी टीएलएसने, म्हणजे संभाषण कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीने, गुंडाळायची आणि मग सर्व्हरने उलट विचारायचं, ‘तू कोण? सर्टिफिकेट दाखव.’ सर्टिफिकेट म्हणजे डिजिटल ओळखपत्र. ते गुप्त नसतं, गुप्त असते त्याच्या जोडीची खासगी किल्ली. एम्युलेटर त्या किल्लीने आतापर्यंतच्या संभाषणावर डिजिटल सही करतो आणि सर्व्हर ती सर्टिफिकेटमधल्या सार्वजनिक किल्लीने पडताळतो. खासगी किल्ली स्मार्टकार्डात ठेवली, तर ती तिथून बाहेर पडतच नाही.

आता पंचाईत अशी की सर्टिफिकेटवर माणसाचं नाव, विभाग, कंपनी असं लांबलचक काही असतं, आणि मेनफ्रेमला कळतो फक्त युजर आयडी. ही सांगड रॅकफ हा मेनफ्रेमवरचा सुरक्षा-व्यवस्थापक प्रोग्राम घालतो. एकेक सर्टिफिकेट एकेका आयडीला जोडता येतं, किंवा ‘अशा नावाची सर्टिफिकेटं या आयडीला’ असा नियम लिहिता येतो. नियमाने कष्ट वाचतात, पण तो सैल लिहिला तर नको ती माणसंही त्याच आयडीने आत येतात. मी तरी माणसांसाठी पहिलीच वाट धरेन.

एवढं करूनही पुढचा ॲप्लिकेशनचा पडदा पासवर्ड मागतोच! तो प्रोग्राम लिहिणारे निवृत्त झालेले, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. इथे एक्सप्रेस लॉगऑन नावाची झकास युक्ती आहे. एम्युलेटर मॅक्रोमधून, म्हणजे आधी नोंदवून ठेवलेल्या टायपिंगमधून, आयडी आणि पासवर्डच्या जागी नुसत्या ठरावीक खुणा पाठवतो. मधला टेलनेट सर्व्हर सर्टिफिकेटवरून रॅकफकडून खरा आयडी घेतो आणि एक पासतिकीटही. युजर आयडी, ॲप्लिकेशनचं नाव, एक गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांतून शिजवलेली ही आठ अक्षरं. साधारण दहा मिनिटांपुरती आणि सहसा एकदाच चालणारी. खुणा काढून सर्व्हर हे दोन्ही तिथे भरतो. ॲप्लिकेशनला वाटतं, नेहमीसारखा पासवर्ड आला.

सेटअपमध्ये माशी शिंकते ती बहुधा इथेच. एम्युलेटरमध्ये दिलेलं ॲप्लिकेशनचं नाव आणि रॅकफमधलं नाव जुळलं नाही, की तिकीट रद्दी. तिकीट ग्रिनिच वेळेवर बनतं, त्यामुळे बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या यंत्रांची घड्याळं फार पुढेमागे असली तरी तेच.

आणि सर्टिफिकेटची मुदत संपली तर? जोडणी सुरुवातीलाच तुटते, हिरवा पडदा उगवतच नाही. ‘पासवर्ड चुकला’ असं सांगायलाही समोर कुणी नसतं. मग हेल्पडेस्कला फोन येतो, ‘अहो, मेनफ्रेम बंद आहे का?’