विक्रिया-विसरण आकृतिबंध

एकजीव मिसळलेल्या रासायनिक द्रावणात, बाहेरून कोणताही नमुना न देता, विक्रियांचे वेग आणि रेणूंचे विसरण यांच्या परस्परप्रभावातून आपोआप उमटणाऱ्या ठिपके, पट्टे, वलये व सर्पिल तरंग यांस विक्रिया-विसरण आकृतिबंध म्हणतात. सोलापुरी चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर आखली जाते, मग जॅकार्डच्या पत्त्यांवर छिद्रे पाडून ती मागाला कळवली जाते, आणि जेथे छिद्र नाही तेथला उभा धागा वर उचललाच जात नाही. चादरीतले प्रत्येक फूल विणण्याआधीच पत्त्यांवर ठरलेले असते. येथे वर्णिलेल्या आकृतिबंधांना असा पत्ता नसतो, आणि म्हणूनच त्यांच्या नक्षीचे माप कोण ठरवते हा या विषयाचा मुख्य प्रश्न आहे.

एरवी विसरण नक्षी पुसून टाकते. स्थिर पाण्यात टाकलेला शाईचा थेंब पसरत जाऊन शेवटी सगळीकडे सारखाच फिका रंग उरतो. लहान आयनांचा पाण्यातील विसरणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचे माप, सेकंदाला चौरस मीटरच्या सुमारे एक अब्जांश इतका असल्याने एक मिलिमीटर अंतर कापण्यास त्यांना साधारणपणे आठ-दहा मिनिटे पुरतात. मात्र अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो आणि एका सेंटिमीटरला अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागतो. भेद मिटवणारी ही प्रक्रियाच भेद निर्माण करू शकते, हे ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ साली सजीवांच्या आकारनिर्मितीवरील निबंधात गणिताने दाखवले.

त्यांच्या युक्तिवादाचे सोपे रूप असे. एक पदार्थ स्वतःचीच निर्मिती वाढवतो, त्याला उत्तेजक म्हणू. तोच दुसरा एक पदार्थ तयार करतो, जो त्याला दाबतो, म्हणजे निरोधक. भांडे सतत ढवळले तर दोघांचा समतोल टिकतो. ढवळणे थांबवल्यावर एखाद्या ठिकाणी योगायोगाने उत्तेजक किंचित वाढला, तर तो तेथे आणखी वाढू लागतो; निरोधकही तेथेच तयार होतो, पण तो पुरेशा अधिक वेगाने पसरत असेल तर जन्मस्थानी न साठता आजूबाजूला जाऊन तेथली वाढ रोखतो. त्यामुळे मध्ये ठिपका आणि भोवती मोकळी जागा अशी रचना स्थिरावते. दोन ठिपक्यांमधील अंतर भांड्याच्या आकारावर नव्हे, तर मुख्यतः विसरणांक भागिले विक्रियेचा वेगांक या राशीच्या वर्गमुळावर अवलंबून असते. आल्फ्रेड गीरर आणि हान्स माइनहार्ट यांनी १९७२ मध्ये ‘जवळ उत्तेजन, दूरवर निरोध’ या रूपात हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

प्रयोगशाळेत सर्वाधिक दाखवली जाणारी बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की विक्रिया मात्र ट्युरिंगच्या स्थिर आकृतिबंधाचे उदाहरण नव्हे, जरी पुष्कळदा ती तशी सांगितली जाते. बोरिस बेलुसोव्ह यांना १९५० च्या सुमारास सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सीरियम यांच्या द्रावणाचा रंग पुन्हापुन्हा पालटताना दिसला. असे घडणे अशक्य आहे, या समजुतीने त्यांचा लेख नाकारला गेला. पुढे अनातोली झाबोटिन्स्की यांनी सायट्रिकऐवजी मॅलोनिक आम्ल वापरून काम वाढवले, आणि १९७० साली द्रावणाच्या पातळ थरातील तरंग प्रसिद्ध झाले. फेरॉइन या रंगसूचकामुळे लाल दिसणाऱ्या, बशीतल्या द्रावणात प्रथम एक निळा ठिपका दिसतो, त्याचे वलय होते, वलय मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने बाहेर सरकते आणि त्याच्या पोटात पुढचे वलय जन्मते. दोन वलये भेटली की पाण्यावरील लाटांप्रमाणे एकमेकींतून पार न होता दोन्ही तेथेच विझतात, कारण प्रत्येक तरंगामागचा पट्टा काही काळ पुन्हा पेटण्यास असमर्थ असतो. बशी हलकेच कलवून वलय तोडले, तर तुटलेले टोक स्वतःभोवती गुंडाळून सर्पिल बनते.

हा प्रयोग सोलापुरात करताना काही पथ्ये पाळावी लागतात. क्लोराइड आयन या विक्रियेला मारक असल्याने बोअरचे किंवा नळाचे पाणी चालत नाही, ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे लागते. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला की विक्रियेचा वेग वाढतो, आणि तिच्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वलये विस्कटतात. बशी उघडी ठेवल्यास बाष्पीभवनाने थराचा वरचा भाग थंड होऊन संवहनाची जाळीदार नक्षी उमटते, जी विक्रिया-विसरणाची नसते. वर काच झाकल्यास ती बरीच टळते.

ट्युरिंगचा स्थिर आकृतिबंध रासायनिक प्रयोगात मिळण्यास १९९० साल उजाडले. फ्रान्समधील बोर्दो येथे पॅट्रिक द केपर आणि सहकाऱ्यांनी क्लोराइट, आयोडाइड व मॅलोनिक आम्ल दोन्ही बाजूंनी सतत पुरवलेल्या जेलमध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर अंतराचे ठिपके पाहिले. अडचण अशी होती की लहान आयनांचे विसरणांक जवळजवळ सारखेच असतात, मग निरोधक अधिक वेगाने पसरणार कसा? उत्तर स्टार्चमध्ये निघाले. रंग दिसावा म्हणून घातलेला स्टार्च आयोडिनयुक्त उत्तेजकाला धरून ठेवत होता; जेलमध्ये अडकलेल्या त्या जड रेणूंमुळे उत्तेजक मंदावला आणि निरोधक मोकळा राहिला.

नियमित दिसणारी प्रत्येक नक्षी या वर्गात बसत नाही. उन्हाळ्यात जिल्ह्यातील काळ्या जमिनीला पडणाऱ्या बहुभुजी भेगा माती आकसल्याने पडतात. राफाएल लीझेगांग यांनी १८९६ मध्ये वर्णिलेली, डायक्रोमेटयुक्त जिलेटिनवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब ठेवल्यावर उमटणारी वलये विसरण आणि विक्रिया या दोन्हींतून होत असली, तरी त्यांत अवक्षेपणाचा, म्हणजे न विरघळणारा घन पदार्थ वेगळा होण्याचा, वाटा निर्णायक असतो आणि वलयांमधील अंतर केंद्रापासून दूर जाताना वाढत जाते. ट्युरिंगच्या पट्ट्यांचे अंतर तसे बदलत नाही. शिगेरू कोंदो आणि रिहितो असाई यांनी १९९५ मध्ये समुद्री एंजलफिशच्या कातडीवर हेच तपासले: मासा मोठा होतो तेव्हा त्याचे पट्टे ताणले जाऊन रुंद होत नाहीत, तर जुन्या पट्ट्यांच्या मधोमध नवे पट्टे उगवतात.