पीजी की कॉट बेसिस? महिन्यासाठी जाताय तर आधी डिपॉझिटचं विचारा

साताऱ्याहून महिनाभरासाठी पुण्याला जायचं ठरलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "पीजी बघ नाहीतर कॉट बघ, सगळं सारखंच." ते सारखं नाही. इंटर्नशिप असो, कंपनीचं ट्रेनिंग असो की परीक्षेआधीचा शेवटचा महिना, या एका गैरसमजापायी आपल्या पोरापोरींचे पैसे बुडताना पाहून मला आता खरंच वैताग आला आहे.

पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट, सगळ्यांना माहीत आहे. एक चालक किंवा काकू, खोलीत दोघं-तिघं, दोन वेळचं जेवण आणि झाडलोट भाड्यात. कॉट बेसिस म्हणजे कुणीतरी आधीच भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमधली एक खाट. जेवायला मेस, वीजबिल वाटून, केर आपला आपण. गरम पाणी, वाय-फाय, रात्री दार किती वाजता बंद होतं, हे दोन्हीकडे कमीजास्त असतं. सामान टाकण्याआधी एकदा नळ सोडून बघा आणि पुढे चला.

खरी गोम डिपॉझिटमध्ये आहे. ते किती आहे यापेक्षा कुणाच्या हातात जातंय, याला महत्त्व आहे.

पीजीत डिपॉझिट चालकाकडे जातं. तो तिथेच असतो, त्याला नाव आहे, दार आहे. कॉटवर मात्र फ्लॅटचं डिपॉझिट मूळ भाडेकरू पोरांनी मालकाला कधीच दिलेलं असतं. तुम्ही देता ते पैसे जातात त्या खाटेवरून उठून जाणाऱ्याला. म्हणजे तुम्ही त्याचे पैसे मोकळे करता, आणि तुमचे कोण मोकळे करणार? तुमच्यानंतर त्या खाटेवर येणारा. तो आला नाही तर "माणूस देऊन जा" असं ऐकून घ्यायचं. वर्षभर राहणाऱ्याला माणूस शोधायला वेळ मिळतो. महिन्यासाठी गेलेल्या पोराने ट्रेनिंग करायचं की गिऱ्हाईक शोधायचं?

माझी भाची, शाहूपुरीतली, गेल्या वर्षी १२ जूनला अशीच कॉटवर गेली. जुलैत सामान बांधून तिने फोन केला. "मामा, फ्लॅटमधली मुलगी म्हणते डिपॉझिट आधीच्या मुलीने नेलं. मालक म्हणतात, मी तुला ओळखतच नाही."

मालक खोटं बोलत नव्हते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ('अकरा महिन्यांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात साफ चूक आहे, तरी लोक सांगत फिरतात.) पण त्या करारावर नावं होती पहिल्या तीन मुलींची. हिचं नाव कुठेच नव्हतं, पावतीही नव्हती. मालकाशी भांडायला तिच्या हातात एक कागद नव्हता.

पीजीत असं होत नाही, पण तिथे दुसरा फास आहे, नोटिशीचा. बहुतेक ठिकाणी खोली सोडण्याआधी महिनाभर सांगावं लागतं, नाहीतर डिपॉझिट कापतात. आता तुम्ही राहणारच एक महिना. म्हणजे नोटीस द्यायची ती पाऊल ठेवल्या दिवशीच! हे कुणी आपणहून सांगत नाही. शेवटच्या आठवड्यात "काकू, मी रविवारी निघते" म्हणायला गेलं की मग कळतं. म्हणून पैसे पाठवण्याआधी चालकाला असा मेसेज टाका आणि उत्तर येईपर्यंत थांबा: "१२ जूनला येऊन ११ जुलैला सोडणार. वेगळी नोटीस लागणार नाही. डिपॉझिट सोडायच्या दिवशीच परत." तारखा घालाच. काही ठिकाणी महिना तारीख ते तारीख धरतात, काही ठिकाणी एक ते एक. दुसऱ्या प्रकारात १२ तारखेला गेलेल्याच्या गळ्यात दोन महिन्यांचं भाडं पडू शकतं.

हिशेबही इथेच चुकतो. समजा कॉट साडेचार हजारांची आणि पीजी नऊ हजारांचं. कॉट निम्म्यात मिळाली म्हणून घरी आनंद होतो. त्यात मेसचे तीन-साडेतीन हजार, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून बाहेरचं खाणं आणि वीजबिलाचा वाटा मिळवा. उरतात पाचसहाशे. ते वाचवायला साडेचार हजारांचं डिपॉझिट टांगणीला लावायचं का? दर शनिवारी स्वारगेटहून विनाथांबा धरून घरी येणारे म्हणतात, मेसमध्ये खाडे तरी धरतात, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात. धरतात, पण बऱ्याच मेसना सलग चारपाच दिवस आणि तेही आधी सांगून हवे असतात. शनिवार-रविवार त्यात बसत नाही.

माझं मत ठाम आहे. एका महिन्यासाठी पीजीच घ्या. कॉट घ्यायची तर फ्लॅटमध्ये सख्खा मित्र किंवा आपल्या गल्लीतलं कुणी असेल तरच. आणि एका महिन्यासाठी दलाली अजिबात देऊ नका, ती बहुधा महिन्याच्या भाड्याएवढी असते, म्हणजे मुक्काम सरळ दुपटीत जातो. जागा कामाच्या जवळ बघा. स्वारगेटजवळ बरं पडतं म्हणून तिथे राहून रोज हिंजवडी गाठणारी पोरं मी पाहिली आहेत. आठवड्यातून एकदा पकडायच्या एसटीसाठी सहा दिवस पीएमपीच्या सिटी बसमध्ये उभं राहायचं कशाला?

आपल्याकडच्या आईवडिलांच्या मनात अजून 'बोर्डिंग' आहे. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आपल्या अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तेव्हापासून पोरगं वसतिगृहात घातलं की ते चांगल्या हातात गेलं, असा आपला भरवसा. त्या भरवशामुळेच शहरातल्या चालकाला पैशाचं विचारायचा संकोच वाटतो. भाचीलाही वाटायचा. यंदा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत पीजी घेताना तिने पहिल्याच फोनवर नोटिशीचं विचारलं. काकूंनी वहीत तिच्या नावापुढे पेनने लिहिलं, "११ ला जाणार, डिपॉझिट देणे." अकराला सकाळी ती बॅग घेऊन जिना उतरत होती तेव्हा पैसे फोनवर जमा झाले होते.