खाडीचा चिखल भट्टीत गेला की

नवी मुंबईत खाडीलगतच्या एखाद्या सेक्टरात इमारतीचा पाया खणायला घेतला, की वरचा मुरुमाचा भराव संपतो आणि जेसीबीच्या बकेटला ओल्या साबणासारखा बुळबुळीत, काळसर करडा चिखल लागतो. इंजिनिअर त्याला मरीन क्ले म्हणतात आणि कपाळाला हात लावतात, कारण त्याच्या भरवशावर इमारत उभी राहत नाही. पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, थेट खालच्या खडकापर्यंत न्यावे लागतात. मातीकामाचा नाद लागलेल्या माणसाचे हात मात्र तो चिखल पाहून शिवशिवायला लागतात. माझेही शिवशिवले. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये विजेची भट्टी होती, आणि अशाच एका खोदकामावरून बादलीभर चिखल सहज मिळाला. (कांदळवनातून मूठभरही उचलू नका. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे.)

भांडी घडवायला आपण जी पांढरी चिनी माती विकत आणतो, तिच्यात मुख्यतः केओलिनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून बसतात. पाणी शिरतं ते पापुद्र्यांच्या गठ्ठ्यांमधल्या फटींत, आतल्या थरांत नाही. आपल्या खाडीतल्या गाळाचं कूळ वेगळं. तो आला सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टमधून. बेसॉल्ट झिजून जी माती होते तिच्यात बहुतेक वेळा स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात, आणि त्यांच्या थरांमधली पकड इतकी सैल असते की पाणी थेट थराथरांत घुसतं. माती फुगते आणि वाळली की तितकीच आक्रसते. देशावरच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या याच खनिजांमुळे.

हे मोजायची पद्धत अगदी साधी आहे. ओल्या मातीची पट्टी लाटायची, तिच्यावर 10 सेंटीमीटरची रेघ ओढायची आणि पट्टी वाळल्यावर रेघ पुन्हा मोजायची. विकतच्या मातीची रेघ पाच-सात मिलिमीटरने आखडते. खाडीच्या चिखलाची दीड सेंटीमीटरहून जास्त आखडली, पट्टीच्या कडा वर वळल्या आणि मधोमध तडा गेला. आपले कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळतात त्याचं एक कारण हेच. राख आक्रसत नाही, आणि लिदीतल्या काड्या माती सावकाश, सारखी वाळू देतात. पुढे आव्यात त्या जळून जातात आणि बारीक छिद्रं मागे राहतात. लिदीऐवजी मी भाजलेल्या भांड्यांचा चुरा घातला. तडे कमी झाले, पण अशी माती चाकावर हाताला टोचते.

चिखलातलं खाडीचं मीठ काढताना मात्र खरी मजा आली. चिखल भरपूर पाण्यात कालवायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा नवं पाणी घालायचं. पहिल्या धुण्याला रात्रभरात गाळ तळाशी बसला आणि वर नितळ पाणी आलं. पुढच्या धुण्याला गाळ बसायला जास्त वेळ लागला. आणखी धुतल्यावर पाणी जे गढूळ झालं ते दिवसेंदिवस गढूळच राहिलं. माती जितकी स्वच्छ होत गेली, तितकी ती खाली बसायला नाखूश!

याचं कारण विजेचं आहे. मातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले धन भाराचे कण पापुद्र्यांभोवती दाटी करतात आणि ही ढकलाढकल झाकून टाकतात. मग पापुद्रे चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन तळाला जातात. मीठ काढून टाकलं की पापुद्रे पुन्हा सुटे होऊन तरंगत राहतात. नदीचं गढूळ पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटलं की त्यातला गाळ तिथेच बसतो, त्यातही या क्रियेचा वाटा असतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तेव्हा हेच घडतं, फक्त तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तिप्पट धन भार असल्यामुळे चिमूटभर पुरते. माझं गढूळ पाणी शेवटी तुरटीनेच बसवलं. साच्यात ओतायची पातळ माती करणारे बरोबर उलटं करतात: थोडं सोडियम सिलिकेट घालून पापुद्रे मुद्दाम सुटे ठेवतात, म्हणजे कमी पाण्यातही माती वाहती राहते.

पहिली भाजणी 1000 अंश सेल्सिअसला. काळसर चिखल बाहेर आला तो विटकरी लाल होऊन. मुळातला काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा असतो. भट्टीत पालापाचोळा जळतो, गंधक वायू होऊन निघून जातं (खिडक्या उघड्या ठेवा, घसा धरतो), आणि लोहाचा लाल ऑक्साइड उरतो. 450 ते 600 अंशांच्या दरम्यान खनिजाच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती वस्तू कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. एक पट्टी मोडून पाहिली तर कडा लाल आणि गाभा काळा. तापमान घाईने चढवलं की आतल्या कार्बनला जळायला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून 700 ते 900 अंशांमध्ये रेंगाळावं लागतं.

दुसरा प्रकार भाजणी झाल्यानंतर काही दिवसांनी दिसला. फळीवर नुसत्या ठेवलेल्या पट्ट्यांवरून नखाएवढ्या खपल्या आपोआप उडू लागल्या आणि प्रत्येक खपलीच्या खाली मधोमध एक पांढरा ठिपका. तो शिंपल्याचा तुकडा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि वरची माती उडवून लावतो. नवी मुंबईच्या पावसाळी हवेत त्याला पाणी शोधत जावं लागत नाही. उपाय एकच: चिखल पातळ करून बारीक चाळणीतून गाळणे.

आता मुद्द्याचं. ही माती स्टोनवेअरच्या (दगडासारख्या टणक भांड्यांच्या) तापमानाला, म्हणजे सुमारे 1220 अंशांना, नेली तर काय होईल? तापमान ओळखायला भट्टीत मातीचे छोटे शंकू ठेवतात. जर्मनीत हर्मान झेगर यांनी 1886 मध्ये ही पद्धत रूढ केली. मातीवर नुसत्या तापमानाचा परिणाम होत नाही, ती किती वेळ तापली यालाही महत्त्व असतं, आणि शंकू दोन्हीचा हिशेब एकदम देतो. त्याने मान टाकली की भाजणी झाली. शंकू वाकला तोवर माझ्या पट्टीचा मागमूस नव्हता. खाली ठेवलेल्या जुन्या बशीत एक चकचकीत, जवळजवळ काळं डबकं गोठलं होतं आणि जिथे थर पातळ होता तिथे ते तांबूस तपकिरी दिसत होतं.

शुद्ध चिनी माती 1700 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. पण बेसॉल्टच्या मातीत लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे वितळण्याला मदत करणारे घटक ठासून भरलेले. भांडं म्हणून ती माती नापास, पण ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर, म्हणजे तरी काय? काच होणारी सिलिका, ती ओघळू नये म्हणून ॲल्युमिना आणि ती लवकर वितळावी म्हणून हे मदतनीस. या गाळात तिन्ही आयतेच आहेत. अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यातली अशीच एक माती, अल्बानी स्लिप, एकोणिसाव्या शतकात बरण्यांना आतून तपकिरी ग्लेझ म्हणून सर्रास लावत.

आक्रसण्याचा रोग इथेही पिच्छा सोडत नाही. भाजलेल्या भांड्यावर कच्चा चिखल फासला की तो वाळून पोपडे धरतो. म्हणून अर्धा चिखल आधी 700 अंशांना भाजून कुटायचा आणि उरलेल्या अर्ध्या कच्च्यात मिसळायचा. भाजलेला भाग आक्रसत नाही, कच्चा भाग चिकटून राहायला मदत करतो आणि रसायन तेच राहतं. माझ्या मते अख्ख्या उद्योगातली सगळ्यात हुशार युक्ती ही, आणि ती फार जुनी आहे.

हे ग्लेझ खाण्यापिण्याच्या भांड्यांना मी लावत नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी कित्येक दशकं या खाडीत गेलं आहे आणि गाळ जड धातू धरून ठेवतो. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उतरतो का हे घरी पाहता येतं. रंग उतरला तर ते भांडं नक्कीच बाद. न उतरल्याने मात्र शिसं किंवा कॅडमियम नाही असं सिद्ध होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तोवर कुंड्या आणि फुलदाण्या.

सध्या ग्लेझसाठी खडी क्रशरवरची भुकटी वापरून पाहतो आहे. तोच बेसॉल्ट, पण न झिजलेला: त्यात मीठ नाही, शिंपले नाहीत, कुजका वास नाही, आणि तो आक्रसतही नाही. अडचण एवढीच, की भुकटी पाण्यात तरंगत राहत नाही, बादलीच्या तळाशी दगडासारखी बसते. थोडा धुतलेला चिखल घातला की ती वर राहते.