वेलाला सुतळी, नसेला रेशीम

माझ्या मावशीचं बोट विळीवर कापलं, त्याला आता काही वर्षं झाली. लाल भोपळ्याची मोठी फोड होती, साल कडक. दोन्ही हातांनी जोर लावला आणि फोड निसटली. उजव्या तर्जनीच्या मुळाशी खोल चीर गेली. जवळच्या दवाखान्यात चार टाके पडले, दहाव्या दिवशी निघाले, जखम सुकली. पण बोटाच्या टोकाचा अंगठ्याकडचा अर्धा भाग झोपलेलाच राहिला. सुईत ओवताना दोरा चिमटीत आहे की पडला, हे तिला कळेना. भाकरी उलटताना तव्याचा चटका जाणवायचा नाही, नंतर फोड आलेला दिसायचा. "मुंग्या आहेत, जातील हळूहळू," असं तिला सांगितलं होतं. पाच महिन्यांनी ती हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे गेली, तेव्हा कळलं की कातडीबरोबर आतली नसही तुटली होती आणि ती कोणी जोडलीच नव्हती.

नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता रेशमापाशी येऊन पोचलो.

बोटातली नस बाहेरून पांढरट दोऱ्यासारखी दिसते. आत मात्र हजारो अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे लांब धागे, असतात, प्रत्येक अक्षतंतू केसापेक्षा कितीतरी बारीक. बोटाच्या टोकाला स्पर्श कळवणाऱ्या चेतापेशीचं मूळ घर बोटात नसतंच, ते मानेजवळ पाठीच्या कण्याच्या बाजूला असतं. तिथून तिचा एकच अक्षतंतू खांदा, दंड, मनगट ओलांडून थेट बोटाच्या पेरापर्यंत येतो. विळीने कापला जातो तो हा. घर शाबूत राहतं, रस्ता तुटतो.

तुटल्यावर पुढे काय होतं, हे ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवून दिलं. कापाच्या पलीकडचा, घरापासून तुटलेला भाग मरतो आणि त्याचे तुकडे होतात. पण सगळंच मरत नाही. अक्षतंतूंना वेढून बसलेल्या श्वॉन पेशी जिवंत राहतात. त्या मेलेला कचरा साफ करायला हातभार लावतात, स्वतःची संख्या वाढवतात आणि रिकाम्या झालेल्या वाटेवर रांगा धरून उभ्या राहतात. इकडे घराच्या बाजूच्या टोकाला नवा कोंब फुटतो. त्याच्या पुढच्या टोकाला बोटांसारखे बारीक फाटे असतात, ते चाचपडत पुढे सरकतात. हे टोक पहिल्यांदा ओळखलं ते स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी, १८९० मध्ये.

वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. नखं महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतात, त्या मानाने हा वेग दसपट आहे. तरी मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहा महिने लागतात. मोटारसायकलच्या अपघातात खांद्याजवळच्या नसा तुटल्या, तर हाताच्या पंजापर्यंतचा प्रवास दोन वर्षांचा होतो. तोवर पंजाचे स्नायू वाट बघत बसत नाहीत. वर्ष-दीड वर्ष नस आली नाही की ते वाळत जातात, आणि मग उशिरा आलेल्या नसेला धरायला तिथे फारसं काही उरत नाही. प्रवासाला एवढा वेळ लागत असताना सुरुवातीलाच पाच महिने वाया घालवले, याची हळहळ मला आजही वाटते. कापल्यानंतर बोट बधिर असेल तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत सरळ जोडता येते.

उशीर झाला की दोन्ही टोकं आखडून एकमेकांपासून दूर जातात. वरच्या टोकाचे कोंब वाट न सापडल्यामुळे तिथेच गुंता करतात आणि एक दुखरी गाठ तयार होते. ती गाठ कापून काढावी लागते, म्हणजे अंतर आणखी वाढतं. ओढून जोडावं तर ताणामुळे नसेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जोड फसतो. हे ताणाचं महत्त्व व्हिएन्नाच्या हानो मिलेसी यांनी १९७० च्या दशकात सर्जनांच्या गळी उतरवलं. ओढू नका, मध्ये नसेचाच तुकडा घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. तो तुकडा रुग्णाच्याच अंगातून घ्यायचा, बहुधा पायाच्या पोटरीमागून. आजही हाच उपाय सर्वांत भरवशाचा मानतात. पण एक नस दुरुस्त करायला दुसरी चांगली नस द्यावी लागते. पोटरीमागची नस काढली की पावलाची बाहेरची कड बधिर होते. मावशीच्या बाबतीत कोपराखालून, हाताच्या आतल्या अंगाची एक बारीक नस घेतली. तिथे आता रुपयाएवढ्या जागेला स्पर्श कळत नाही.

म्हणून गेली कित्येक दशकं शास्त्रज्ञ नसेऐवजी नळी वापरू बघत आहेत. दोन टोकांमध्ये एक पोकळ नळी बसवायची आणि नसेला आतून वाढू द्यायचं. स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांनी उंदरांच्या पायात सिलिकॉनच्या नळ्या घालून आत काय घडतं ते टप्प्याटप्प्याने पाहिलं. आधी नळीत द्रव भरतो. मग काही दिवसांत त्यातूनच फायब्रिनची एक नाजूक दोरी दोन टोकांमध्ये तयार होते, जखमेवर खपली धरते त्याच पदार्थाची. तिला धरून श्वॉन पेशी आत चालत येतात आणि त्यांच्यामागून अक्षतंतू. अंतर १० मिलिमीटर असलं तर उंदरात हे जमतं. १५ मिलिमीटरला दोरी धड तयारच होत नाही आणि नळी रिकामी राहते. माणसात कोलॅजनच्या वगैरे पोकळ नळ्या वापरतात, त्यांची मर्यादाही तीन सेंटिमीटरच्या आसपास येऊन थांबते.

परसात तोंडलीचा वेल लावणाऱ्याला हे लगेच समजेल. वेल वाढायला तयार असतो, त्याला फक्त सुतळी बांधून द्यावी लागते. सुतळी मांडवापर्यंत नीट पोचली तर तो चढतो. मध्येच तुटली तर तिथेच गोळा होऊन बसतो. लांब अंतरात शरीराची स्वतःची सुतळी तुटते. मग नळीत आधीच सुतळी घालून ठेवली तर?

इथे रेशीम येतं. ते शरीराला परकं आहे, पण अनोळखी नाही. काळ्या रेशमाच्या टाक्यांशी सर्जनांची ओळख फार जुनी आहे. तुतीच्या रेशमाचा एक कोष मी घरी उकलून पाहिला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास उकळवला. पाणी बुळबुळीत झालं, हातात घेतलं तर भेंडीच्या चिकासारखं. कवडीसारखा टणक असलेला कोष सैल पडला, आणि पिळून वाळवल्यावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पुंजका हातात आला. पाण्यात गेलं ते सेरिसिन, म्हणजे अळीने धागे चिकटवायला वापरलेला डिंक. कोषाच्या वजनाचा पाव भाग तरी तोच असतो. मागे राहिलं ते फायब्रोइन, खरं रेशीम. सर्जनच्या दृष्टीने हा सोड्याचा टप्पा फार महत्त्वाचा आहे, कारण डिंक आणि धागा एकत्र राहिले की शरीर त्याला जोराने प्रतिकार करतं. धुतलेलं फायब्रोइन मात्र शरीर निमूटपणे सामावून घेतं.

फायब्रोइन हे प्रथिन आहे. त्याची लांब साखळी घड्या घालून एकावर एक अशी घट्ट रचली जाते, त्यातून मजबुती येते. शरीरातली विकरं ते हळूहळू, महिनोन्‌महिने कुरतडतात. कुरतडून उरतात ती अमिनो आम्लं, आपण डाळीतून खातो तीच. काही कृत्रिम धागे विरघळताना आजूबाजूला आम्लता वाढवतात, तो त्रास इथे नाही. आणि सावकाश विरघळणं हाच मला रेशमाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. सुतळी वेल चढायच्या आत कुजली तर उपयोग नाही, आणि कायमची राहिली तर वाढलेल्या नसेला काचेल.

या क्षेत्रातला मला सर्वांत भावलेला प्रयोग तुतीच्या रेशमाचा नाही, कोळ्याच्या रेशमाचा आहे. जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्रिस्टीने राट्के, पीटर फोग्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनेरी जाळं विणणाऱ्या मोठ्या कोळ्यांकडून धागा काढला. कोळिणीला हळुवार जखडून ठेवायचं, तिच्या पोटाच्या टोकाचा धागा पकडायचा आणि रिळावर गुंडाळत जायचं. काम झालं की तिला सोडून द्यायचं. हे धागे त्यांनी पेशी काढून टाकलेल्या शिरेच्या नळीत भरले आणि मेंढ्यांच्या पायातल्या ६ सेंटिमीटर तुटलेल्या नसेत बसवले. ६ सेंटिमीटर म्हणजे पोकळ नळीच्या मर्यादेच्या दुप्पट. श्वॉन पेशी धागे धरून आत शिरल्या, त्यांच्यामागून अक्षतंतू आले, त्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे अक्षतंतूभोवतीच्या स्निग्ध थराचं, वेष्टणही पुन्हा चढलं. दहा महिन्यांनी तपासलं तेव्हा निकाल स्वतःची नस वापरलेल्या मेंढ्यांच्या तोडीचा होता. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

अडचण कोळ्यांच्या स्वभावात आहे. रेशीमकिडे टोपलीत हजारोंनी एकत्र नांदतात, कोळी एकमेकांना खातात. म्हणून तुतीच्या रेशमाची नळी आणि आत कोळ्याचा धागा, अशी सांगड व्हिएन्ना आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अलीकडे उंदरांमध्ये घालून पाहिली आहे.

आत धागे किती असावेत हाही प्रश्न आहेच. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये रेशमाच्या नळ्यांत ०, १००, २०० आणि ३०० तंतू घालून उंदरांच्या नसेतलं ८ मिलिमीटरचं अंतर सांधलं. लक्ष वेधून घेतलं ते २०० तंतूंच्या नळीने. बारा आठवड्यांनी तिच्यातल्या वेष्टणदार अक्षतंतूंची संख्या स्वतःची नस लावलेल्या उंदरांच्या ८१ टक्क्यांपर्यंत गेली. तंतू वाढवत नेले म्हणून नस तितकी जोमाने वाढत नाही. कोंबाला पुढे सरकायला धाग्यांमध्ये जागाही लागते.

आपल्याकडे आयआयटी गुवाहाटीत उत्पल बोरा यांच्या गटाने रेशमात सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिसळून नळ्या बनवल्या आणि उंदरांवर तब्बल १८ महिने पाहणी केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ यांनी रेशमाच्याच फायब्रोइनपासून हाडातली पोकळी भरून काढणारा पदार्थ विकसित केला. तो नसेसाठी नाही, पण रेशीम शरीरात वापरण्याजोगं शुद्ध कसं करायचं हा अनुभव दोन्हीकडे लागतो.

माणसावरची सुरुवात बोटापासून झाली आहे. इटलीत तुतीच्या रेशमाची तीन थरांची एक नळी तयार झाली, आतबाहेर अतिबारीक तंतूंची जाळी आणि मध्ये विणलेला थर. ती झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात मोजक्या रुग्णांच्या बोटांतल्या तुटलेल्या नसांवर वापरून पाहिली. बोट निवडण्यामागे विचार आहे. अंतर लहान असतं, आणि फसलंच तर पूर्ण हात जायची भीती नसते. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची गोष्ट मात्र वेगळी. तिथे श्वॉन पेशींच्या अशा रांगा नसतात आणि जखमेचा व्रण वाट अडवतो. रेशमाने अर्धांग बरं होतं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

आता विदर्भाकडे येतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर या रानटी रेशमाच्या अळ्या वाढवतात. ढीवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात, पाखरं आणि मुंग्यांपासून अळ्यांची राखण करत दिवस रानात काढतात. तिथला कोसा, म्हणजे टसरचा कोष, फांदीला स्वतःच्या देठाने लोंबतो. हातात घेतला तर छोट्या अंड्याएवढा, भुरा, लाकडासारखा टणक.

या रानटी रेशमात एक गोष्ट आहे, जी तुतीच्या रेशमात नाही. १९८४ मध्ये मायकेल पियर्शबाखर आणि एर्की रुओस्लाती यांनी दाखवलं की पेशी जिथे चिकटतात तिथे बऱ्याचदा तीन अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम असतो: आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल. पेशीच्या अंगावरचा आकडा या कडीत अडकतो. टसरच्या फायब्रोइनमध्ये ही कडी निसर्गतःच असते. तुतीच्या रेशमाला ती प्रयोगशाळेत बाहेरून जोडावी लागते. शिवाय ज्या क्षारांच्या द्रावणात तुतीचं रेशीम विरघळवून पाहिजे तो आकार देतात, त्यात टसर सहजी विरघळत नाही. साचे बनवणाऱ्याला हा दोष वाटेल. सुतळी म्हणून अख्खा धागा वापरायचा असेल तर तो आड येत नाही. खरी अडचण सारखेपणाची आहे. अळी उघड्यावर, ऊनपाऊस झेलत वाढते, त्यामुळे हंगामागणिक धागा बदलतो. शरीरात घालायच्या धाग्याची जाडी, शुद्धता आणि विरघळायचा काळ दर वेळी तोच यावा लागतो.

भंडाऱ्याहून आणलेला एक कोसा मी मावशीच्या हातात दिला होता. तिने तो उजव्या तर्जनीखाली देठापासून हळूहळू फिरवला. बोटाच्या एका बाजूला लागला तेव्हा लगेच म्हणाली, "खरखरीत आहे की." मग बोट कलतं केलं, अंगठ्याकडची बाजू टेकवली, जरा थांबली. "इथे काहीतरी लागतंय," म्हणाली, "पण काय ते कळत नाही."