मोगलांचा नकाशा आणि मंगोलांचा नकाशा

मित्राच्या नव्या घरात दिवाणखान्यातल्या भिंतीवर एक मोठी फ्रेम लावलेली आहे. पिवळसर कागद, रंगवलेल्या सीमा आणि खाली पितळी पट्टी: ‘मंगोल साम्राज्य’. जवळ जाऊन पाहिलं तर मधोमध आग्रा, वर लाहोर, डावीकडे खाली समुद्रकाठी सुरत. हा नकाशा मंगोलांचा नाही, मोगलांचा आहे. हीच गफलत मी हॉटेलांच्या भिंतींवर पाहिली, ऑनलाइन दुकानांत पाहिली, लग्नात आहेर म्हणून आलेल्या फ्रेमवरसुद्धा पाहिली. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

मोगल कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. बाबर, १५२६ चं पानिपत, मग अकबर, जहांगीर, शाहजहान आणि दख्खनेत आयुष्याची शेवटची २५ वर्षं घालवणारा औरंगजेब. मंगोल त्यांच्या कितीतरी आधीचे. १२०६ मध्ये तेमुजिन ‘चंगीझ खान’ झाला, त्याच्या मुला-नातवांनी चीनपासून रशियापर्यंत मुलूख घेतला, आणि नातू कुबलाईने चीनमध्ये उभी केलेली युआन राजवट १३६८ मध्ये गेली. चंगीझ १२२१ मध्ये सिंधूकाठी येऊन परत फिरला. पुढे १२४१ मध्ये मंगोलांनी लाहोर लुटलं. पण आग्रा आणि सुरत त्यांच्या हाती कधीच नव्हती. तेव्हा नकाशाच्या मधोमध आग्रा असेल, तर पट्टी वाचायचीसुद्धा गरज नाही.

एवढं सोपं असताना गोंधळ होतो, कारण शब्द एकच आहे. फारसीत मंगोलांना ‘मुगुल’ म्हणत. त्यातला ‘न’ आधीच गेलेला. बाबर वडिलांकडून तैमूरचा वंशज, आईकडून चंगीझचा. स्वतःला तो तैमूरच्या घराण्यातला मानायचा, आणि आठवणी लिहिताना मोगल टोळ्यांबद्दल, म्हणजे मंगोलांबद्दल, त्याने फारसं बरं लिहिलेलं नाही. त्याचं घराणं स्वतःला ‘गुरकानी’ म्हणवायचं. गुरकान म्हणजे जावई. तैमूरने चंगीझच्या वंशातली मुलगी केली होती, त्यावरून. पण लोकांच्या तोंडी ‘मोगल’च राहिलं. आपल्या बखरींत तेच आहे आणि मलाही ‘मुघल’पेक्षा तेच रूप आवडतं. सुरतेला उतरलेल्या युरोपियनांनीही तेच ऐकलं. लॅटिन नकाशावर त्याचं झालं ‘माग्नी मोगोलिस इम्पेरियम’, म्हणजे थोरल्या मोगलाचं साम्राज्य. विकणारा ‘मोगोल’ वाचतो, छापताना एक अक्षर राहिलं असेल असं समजतो आणि पट्टीवर ‘मंगोल’ कोरून मोकळा होतो. पण त्या नावात काहीही राहिलेलं नाही. ज्याचं नाव आहे तो बादशहा नकाशा निघाला तेव्हा गादीवर होता.

मित्राकडचा नकाशा आम्स्टरडॅमच्या विलेम ब्लाऊचा, १६३० च्या दशकातला. त्याचं मूळ १६१९ मधल्या विल्यम बॅफिनच्या लंडनच्या नकाशात आहे. उत्तर ध्रुवाकडच्या उपसागराला ज्याचं नाव आहे, तोच हा बॅफिन. त्याला माहिती मिळाली थॉमस रोकडून, आणि रो जहांगीरच्या दरबारात इंग्लंडचा वकील म्हणून राहून आलेला होता. भिंग घेऊन बघा: आग्र्यापासून लाहोरपर्यंत चिमुकल्या झाडांच्या दोन रांगा सरळ गेलेल्या दिसतील. तो बादशाही रस्ता, दुतर्फा सावलीचा. बॅफिनच्या नकाशात जहांगीरची मोहोरही आहे. मधे त्याचं नाव, भोवती वर्तुळांत पूर्वजांची नावं. ती नावं तैमूरपाशी थांबतात. चंगीझ त्यात नाही. घराण्याने आपली ओळख कशी सांगितली, हे यापेक्षा स्पष्ट कुठे मिळणार?

मग मंगोलांच्या नकाशावर काय लिहिलेलं असतं? शीर्षकात ‘टार्टारिया’ हा शब्द, म्हणजे युरोपने मध्य आणि उत्तर आशियाला दिलेलं जुनं नाव, आणि बहुधा ‘माग्नी चामी’. हा ‘चाम’ म्हणजे खान. ओर्टेलियसचा १५७० चा नकाशा यातला सगळ्यात प्रसिद्ध. त्यात थोरला खान आपल्या तंबूपाशी बसलेला आहे, पलीकडे जपान आणि त्याहून पुढे अमेरिकेचा किनारा. पण १५७० मध्ये चीनवरची खानाची सत्ता जाऊन २०० वर्षं झाली होती. युरोप अजून मार्को पोलोच्याच हकिकतींवर विसंबून होता. म्हणजे मोगलांचा नकाशा त्या काळच्या राज्याचा, आणि ‘खानाचा’ नकाशा बऱ्याच अंशी ऐकीव, गेलेल्या राज्याचा. दोन्ही जुने दिसतात म्हणून त्यांना एका पंक्तीत बसवू नये.

अस्सल की नक्कल, हा प्रश्न त्या मानाने सोपा. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर आजची छपाई. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या अस्सल छापाला चित्राभोवती दाबाची चौकट उमटलेली असते. चांगली नक्कल लावण्यात काहीच कमीपणा नाही. चुकीची पट्टी मात्र मला सहन होत नाही.

मला विचाराल तर मराठी घरात मी मोगलांचाच नकाशा लावेन. त्यावर ती सुरत आहे, जिथे १६६४ मध्ये महाराज पोचले. मित्राने परवा पट्टीचे दोन्ही स्क्रू काढले. खाली भिंतीवर फिकट आयत उरला आहे. नवी पट्टी कोरायला दिली आहे, आणि कागदावर मजकूर लिहून देताना ‘मो’ मी मुद्दाम मोठा काढला.